अष्टमीचा बॅकअप

१

बॅकअप घेणं हे मशीनचं काम. घेतलेला बॅकअप उघडतो का, हे बघणं माझं. हुबळीजवळच्या नवनगरमध्ये एका बंगल्याच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस आहे आणि लोकांच्या वेबसाइट आम्ही आमच्या मशीनवर ठेवतो. दुकानं, शाळा, मंगल कार्यालयं, दोन-चार दवाखाने. वेबसाइट म्हणजे नुसतं दर्शनी दुकान. खरा माल मागच्या कोठीत असतो, त्याला डेटाबेस म्हणायचं. कोण आलं, कोण गेलं, कुणाला काय दिलं, ते सगळं त्यात. रोज रात्री सगळ्या गिऱ्हाइकांच्या डेटाबेसची एक प्रत दुसऱ्या मशीनवर जाते आणि सगळ्यांत जुनी प्रत पुसली जाते. सकाळी आले की मी कुठल्याही एका गिऱ्हाइकाची प्रत रिकाम्या मशीनवर उघडून बघते. उघडली की चहा.

गिऱ्हाइकाला वाटतं, बॅकअप आहे म्हणजे काही जाणार नाही. मी फोनवर सांगून सांगून थकले, की जुनी प्रत परत घातली की तिच्यानंतर लिहिलेलं सगळं जातं. सोमवारची प्रत घातली तर मंगळवार उजाडलाच नाही असं मशीन धरून चालतं. लोक हो हो म्हणतात आणि फोन ठेवतात.

आमचे मालक शेषगिरी सर. माणूस वाईट नाही, पण खंडेनवमी आली की त्यांच्यातला इंजिनिअर रजेवर जातो. त्या दिवशी हत्यारांना विश्रांती द्यायची, अशी इकडची रीत. सुतार रंधा धुऊन ठेवतो, रिक्षावाला रिक्षाला हार घालतो, आणि आमचे सर बॅकअपचं मशीन बंद करून त्याच्यावर झेंडूची माळ चढवतात. गिऱ्हाइकांची मशीन बंद ठेवता येत नाहीत, म्हणून विश्रांतीचा मान ह्या एकट्याला. मी दरवर्षी विचारते, सर, नेमकं त्याच दिवशी काही झालं तर? सर म्हणतात, "सुकन्या, वर्षातनं एक दिवस त्यालाबी झोपू दे की."

आम्ही बौद्ध. माझ्या वडिलांनी, प्रेमानंद कांबळ्यांनी, भूत हा शब्द घरात चेष्टेतसुद्धा चालू दिला नाही. कुणी लिंबू-मिरची बांधली तर ती सोडून भाजीत घालणारा माणूस. त्यामुळे पूजेच्या वेळी मी एका बाजूला बसून सरांची गंमत बघत असते. यंदा मी नव्हतेच.

२

यंदा नवमीला मी धारवाडला होते. केलगेरीच्या तळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक नर्सिंग होम आहे. ते आमचंच गिऱ्हाईक, त्यांच्या पेशंटांची सगळी नोंद आमच्या मशीनवर. तिथं वरच्या मजल्यावर, भिंतीकडेच्या कॉटवर माझी आई इंदुमती पडून होती. फुप्फुसात पाणी झालं होतं.

आईचं करणारी मी. अंग पुसणं, डबा, भांडं, सगळं. आणि आईच्या तोंडात राहुल. राहुल माझा धाकटा भाऊ, पुण्याला असतो. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला तो दरवर्षी नागपूरला दीक्षाभूमीवर जातो, तसा यंदाही गेला होता. आई डोळे उघडायची, दाराकडे बघायची आणि विचारायची, "राहुल आला?" मी तिच्यापुढं पेजेचा चमचा धरून उभी. ह्या बाईनं मला जन्मभर हाक मारली ती पाणी आण, दार लाव, एवढ्यासाठीच. मला फार नको होतं. शेवटच्या घटकेला एकदा "सुकी कुठाय" म्हणाली असती तरी माझं पोट भरलं असतं. नाही म्हणाली. नवमीच्या दुपारी राहुलचंच नाव घेत गेली.

मालती सिस्टरनं तिचे डोळे मिटले. मनगटावरचा नावाचा पट्टा कात्रीनं कापला. मालतीबाई हळव्या आहेत. पेशंट गेला की त्या अजून रडतात, तशा तेव्हाही रडल्या. आम्ही आईला खाली आणत होतो तेव्हा एक म्हातारी चाकाच्या खुर्चीवरून वर निघाली होती. दम लागलेला, हातभर गोंदण, कपाळावर मोठं कुंकू. तिच्याबरोबर तिचा मुलगा. हणमंत त्याचं नाव, धारवाडजवळच्या बेलूरच्या कारखान्यात कामाला, अंगात कारखान्याचाच निळा शर्ट. "वरती एक कॉट रिकामी झालीय म्हणाले," तो मला कानडीत म्हणाला. मग आमच्या स्ट्रेचरकडे बघून ओशाळला. म्हातारीचं नाव लक्कव्वा, हेही त्यानंच सांगितलं, काहीतरी बोलायचं म्हणून.

दसऱ्याला राहुल नागपूरहून आला आणि त्यानं आईला अग्नी दिला. मी तिथं होते. धूर माझ्या डोळ्यांत गेला.

३

कामावर परतले तेव्हा बॅकअपच्या मशीनवरची माळ वाळून गेली होती. शेषगिरी सरांनी आईबद्दल चार शब्द विचारले आणि मग घसा खाकरला. घसा खाकरला म्हणजे काहीतरी निस्तरायचं असतं.

दसऱ्याच्या दिवशी गिऱ्हाइकांचं एक मशीन बसलं होतं. डिस्कच गेली. नर्सिंग होम त्याच मशीनवर.

"मग काय केलंत?"

"काय करणार? नवीन डिस्क घातली, प्रत घातली."

"कुठली प्रत?"

सर पेल्यातल्या चहाकडे बघत म्हणाले, "अष्टमीची. नवमीला मशीन झोपलेलं ना."

म्हणजे नवमी आणि दसरा, दोन्ही दिवस पुसले गेले होते. मी कपाळावर हात मारला. नर्सिंग होमवाले काय म्हणाले, असं विचारलं. सर म्हणाले, तेच तर नवल, त्यांचा एक फोन नाही. मेलेल्या डिस्कचं काय केलं? ती कोप्पीकर रोडच्या मागच्या गल्लीत एका दुरुस्तीवाल्याकडे टाकलीय, बघू म्हणाला.

तेवढ्यात माझा फोन वाजला. नर्सिंग होमचा मेसेज. "इंदुमती कांबळे यांची प्रकृती सुधारत आहे. भेटीची वेळ दुपारी चार ते सहा."

मला सगळं लख्ख समजलं आणि म्हणूनच संताप आला. अष्टमीला आई जिवंत होती, म्हणून मशीनच्या लेखी ती आजही जिवंत. मेसेज आपोआप जातात. आईच्या मरणाची सुद्धा सरांच्या झेंडूनं चेष्टा करून ठेवली होती. मी तोंडाला येईल ते बोलले आणि सरांनी ते ऐकून घेतलं.

रागाचा भर ओसरल्यावर मी मेसेज पुन्हा वाचला. ही यंत्रणा मीच बसवून दिलेली. प्रकृतीचा शब्द आपोआप बदलत नाही, तो कुणीतरी माणसानं बोट लावून निवडावा लागतो. अष्टमीच्या मेसेजमध्ये "चिंताजनक" असा शब्द होता. तो मेसेज अजून माझ्या फोनमध्ये होता. मी वर सरकवून बघितला.

नर्सिंग होमला फोन लावला. मालतीबाईंनीच उचलला.

"अहो सुकन्याताई, आहात कुठं? आज आईंनी भात खाल्ला थोडा. तुम्ही नाही म्हणून दाराकडे बघत बसतात."

४

मी चिगरी, म्हणजे हुबळी-धारवाडची जलद बस, पकडून धारवाड गाठलं. वाटेत स्वतःला समजावत होते. मालतीबाईंना दिवसात पन्नास पेशंट. नाव चुकलं, कॉट चुकली. तिथं आता ती दम लागलेली म्हातारी आहे, आणि ह्या बायका स्क्रीनवर दिसेल ते नाव वाचून तिला इंदुमती म्हणतायत. म्हणजे औषधंही आईचीच देत असतील. हे थांबवायला पाहिजे. माझ्या जिवाला घोर लागला तो त्या म्हातारीचा.

वरच्या मजल्यावर दुपारचं ऊन फरशीवर आडवं पडलं होतं. बाहेरच्या बाकावर हणमंत बसला होता. मला बघून उठला.

"अक्का, बरं झालं आलात. ह्या लोकांना सांगा की जरा. माझी आई कुठली म्हणून विचारतात मला. लक्कव्वा नावाचा पेशंटच नाही म्हणतात. आत जाऊ देईनात. मी रोज येतो, रोज सांगतो."

"मी बघते," मी म्हणाले. माझा आवाज छान खणखणीत होता.

आत गेले. भिंतीकडेच्या कॉटवर लक्कव्वाच होती. तेच रुंद तोंड, तेच कोपरापर्यंतचं गोंदण. कपाळ मात्र पुसलेलं. मनगटावर नवा पट्टा, त्याच्यावर छापलेलं "इंदुमती प्रेमानंद कांबळे". अंगावर नर्सिंग होमचा हिरवा झगा. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती आणि तिचा श्वास घरघरत होता.

मी कानडीत विचारलं, "अव्वा, कसं वाटतंय?"

तिनं मान वळवली. डोळे दुसऱ्याच बाईचे, काळेभोर. माझ्या आईचे घारे होते. त्या काळ्या डोळ्यांनी तिनं मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं, आई बघायची तसं, काय चुकलंय ते शोधत.

"दार लाव, सुके," ती म्हणाली. "वारं येतंय. राहुल आला?"

मी दार लावलं. सवयच ती.

५

त्या संध्याकाळी घरी बसून मी वडिलांच्या पद्धतीनं विचार केला. बाई हुबळी-धारवाडकडची, मराठी कानावर पडलेलं असणार. मालतीबाई दिवसभर तिला आईचं नाव घेऊन बोलतात. चुकीच्या गोळ्यांनी डोकं भ्रमतं. राहुलचं नाव? मालतीबाईंनीच बडबडीत सांगितलं असेल. आणि सुके? माझं हे नाव मालतीबाईंना माहीत होतं का? असेल. आई हाक मारायची तेव्हा त्या तिथंच असायच्या.

एवढं सगळं जुळवून झाल्यावर मी राहुलला फोन केला. मला फक्त त्याच्या तोंडून ऐकायचं होतं.

"राहुल, दसऱ्याला तू नागपूरहून इकडं आलास ना?"

"नाही गं, तिकडून सरळ पुण्याला. का? तुला सांगितलं होतं की सुट्टी नाही म्हणून." मागं त्याच्या पोरांचा दंगा चालला होता. "आई कशी आहे? डिस्चार्ज कधी देतायत? शनिवारी येऊ का?"

मी काहीतरी बोलले आणि फोन ठेवला. माझ्या हाताला अजून धुराचा वास होता. निदान मला तसं वाटलं. दिवाणखान्यात वडिलांच्या फोटोशेजारी मी आईचा फोटो लावला होता, मेणबत्ती लावली होती. तो फोटो तिथंच होता. पण त्याच्याकडे बघताना मला लाज वाटली, जिवंत माणसाला हार घातल्यासारखी. मी हार काढून ठेवला.

६

दुसऱ्या दिवशी सरांच्या टेबलावर वर्तमानपत्रात गुंडाळलेली डिस्क होती.

"दुरुस्तीवाल्यानं जागी केली," सर म्हणाले. "पण म्हणतो, एकदाच चालंल. तेबी आज-उद्या. नंतर भरवसा नाही."

त्या डिस्कवर नवमी आणि दसरा होते. आईचं जाणं आणि लक्कव्वाचं येणं. ती लावली, नर्सिंग होमचा डेटाबेस काढून मशीनवर घातला, की सगळं जिथल्या तिथं. त्यानंतरचे दिवस पुसले जातील, ते त्यांना पुन्हा भरावे लागतील, एवढंच.

"घालायचं का?" सरांनी विचारलं. "गिऱ्हाईक काय मागत नाही. आपण होऊन आपली चूक कशाला दाखवायची?"

गेल्या कित्येक वर्षांत सरांच्या ह्या असल्या बोलण्यावर मी गप्प बसले नव्हते. आज म्हणाले, "बघू. उद्या बघू."

दुपारी मी डबा करून नेला. आलं न घालता चहा नेला, कारण आईला आलं चालत नाही. म्हातारीनं वास घेतला आणि मान डोलवली. मी तिचे केस विंचरले. केस दाट होते, आईचे विरळ झाले होते. बोटांना सारखं चुकल्यासारखं होत होतं. पण बोलणं आईचंच. शेजारच्या कॉटवरच्या बाईची सून किती आगाऊ आहे, मालती किती पावडर लावते, मी अजून पातळ वरण कसं करते. तिचा श्वास सुधारला होता. डॉक्टर म्हणाले, दोन-चार दिवसांत घरी न्या.

मला आनंद झाला. ते मी लपवत नाही. ती परत आली होती आणि आता माझ्याकडे वेळ होता. केव्हातरी, एखाद्या दुपारी, ती राहुलचं नाव न घेता माझं नाव घेईल, एवढाच वेळ मला पाहिजे होता.

निघताना बाकावर हणमंत दिसला. त्यानं मला नमस्कार केला, पण उठला नाही. त्याच्या आईचं काय झालं, हेही विचारलं नाही.

७

त्यानंतरच्या दुपारी मी जिना चढून वर आले तर हणमंत बाकाच्या अगदी टोकाला बसलेला. कारखान्यातून सरळ आला असावा, हाताला तेल होतं. मांडीवर एक पिशवी, पिशवीत एका म्हातारीचं नऊवारी लुगडं, घडी केलेलं, आणि कुंकवाची डबी. तो त्या डबीचं झाकण उघडत होता, मिटत होता.

"अक्का," तो म्हणाला, "रागावू नका, एक विचारू का?"

"विचार की."

"मी इथं कुणासाठी येतो?"

त्याला चेष्टा येत नव्हती, तो त्यातला नव्हता. मोठा बाप्या, मिशा असलेला, आणि तोंड असं की बाजारात बोट सुटलेलं पोर.

"शिफ्ट सुटली की पाय इकडंच वळतात," तो म्हणाला. "बायको म्हणते, कुठं जाता? मला सांगता येईना. घरात एक खोली आहे, तिच्यात एक खाट आहे. ती खाट कुणाची, ते आम्हाला दोघांनाबी आठवेना झालंय. हे लुगडं त्या खाटेवर होतं. तुमच्या आईचं आहे का?"

त्यानं पिशवी माझ्यापुढं धरली. मी घेतली नाही. मला तिथं उभं राहवेना म्हणून मी आत गेले.

आई उशाला टेकून बसली होती. होय, आईच, मी आता दुसरं म्हणत नव्हते. गोंदणाचे हात मांडीवर. मी स्टूल ओढून जवळ बसले आणि जे जन्मात कधी केलं नव्हतं ते केलं. तिचा हात धरला.

"आई, घरी जायचं. मी रजा टाकते. तुझं सगळं मी करते. फक्त माझ्याशी बोल."

तिनं हात काढून घेतला. ओढूनच काढला. तिची नजर माझ्या खांद्यावरून दाराकडे गेली.

"राहुलला बोलव," ती म्हणाली. "आत्ताच्या आत्ता बोलव. राहुल पायजे मला."

"मी आहे ना इथं."

"तू नगं. राहुल."

माझं डोकं फिरलं. बाहेर तो माणूस स्वतःची आई विसरून बाकावर बसलाय, मी एका परक्या म्हातारीचे केस विंचरतेय, आणि हिला मरून परत आल्यावरसुद्धा राहुलच पाहिजे. मी हणमंतासाठी उठले, असं कुणालाही सांगता येईल आणि ते खोटंही नाही. पण जिना उतरताना माझ्या मनात हणमंत नव्हता.

८

ऑफिसला पोचले तेव्हा ऊन उतरलं होतं. सर खाली चहाला गेलेले. मी डिस्क वर्तमानपत्रातून काढली आणि जोडली. ती गुरगुरली, थांबली, पुन्हा फिरायला लागली. नर्सिंग होमचा डेटाबेस तिच्यावर होता. मी तो शांतपणे कॉपी करायला लावला, आणि मशीनवरचा अष्टमीपासून वाढत आलेला डेटाबेस पुसायची आज्ञा टाइप केली. मशीननं विचारलं, नक्की? आमच्या मशीनला मीच तसं विचारायला शिकवलंय.

मी हो म्हटलं.

टेबलावरचा फोन वाजायला लागला. ऑफिसचा जुना, वायरवाला फोन. त्याच्यावर नर्सिंग होमचा नंबर दिसत होता. मी हात लावला नाही. तो वाजून थांबला, पुन्हा वाजला. पडद्यावर नवीन डेटाबेस भरत चालला होता, निम्मा झाला होता. जिन्यावर सरांच्या चपला वाजल्या आणि मी नको म्हणायच्या आत त्यांनी आत येऊन फोन उचलला.

"हॅलो? कोण? ... हं. ... नाही, असं कोणी नाही इथं." त्यांनी फोनवर हात ठेवला. "कुणीतरी म्हातारी बाई आहे. धाप लागलीय तिला. राहुल हाय का, म्हणून विचारतेय."

त्या नर्सिंग होमचा फोन खाली काउंटरवर आहे. भिंतीकडेच्या कॉटवरून तिथवर यायला एक मजला उतरावा लागतो.

"ठेवा तो," मी म्हणाले.

"रडतेय गं ती."

"ठेवा म्हणते ना!"

पडद्यावर काम संपल्याची ओळ आली. सरांनी फोन पुन्हा कानाला लावला, ऐकलं, आणि नवल वाटून ठेवून दिला. "बंद झाला," म्हणाले. डिस्क अजून एकदा गुरगुरली आणि गप्प झाली. ती पुन्हा काही लागली नाही.

९

राहुलचा मेसेज त्याच रात्री आला. आईच्या अस्थींचं काय ठरलं, पुण्यानुमोदनाला किती माणसं सांगायची, वगैरे. त्याचं आपलं नेहमीसारखं, सगळं ठरवून मला कळवायचं. मी आईच्या फोटोला हार घातला.

नर्सिंग होमला मी जाणार नव्हते. पण नोंदी नीट बसल्या का ते बघायला सरांनीच पाठवलं, गिऱ्हाईक सांभाळायला पाहिजे म्हणून. मालतीबाई काउंटरवर होत्या. मला बघून त्यांचे डोळे भरून आले. "आईंना जाऊन आठवडासुद्धा झाला नाही आणि तुम्ही कामाला लागलात," म्हणाल्या. मधल्या दिवसांचं कुणालाच काही आठवत नव्हतं. कुणी काही विसरलंय असंही कुणाला वाटत नव्हतं.

वर बाक रिकामा होता. हणमंत आत, आईला भाकरी कुस्करून भरवत होता. हसला मला बघून. "ओळखलंस का अव्वा? त्या दिवशी वर येताना भेटल्या होत्या त्या अक्का." लक्कव्वाच्या कपाळावर कुंकू परत आलं होतं, मनगटावर तिचं नाव होतं. ती कॉटच्या अगदी कडेला, पडेल की काय अशी बसली होती. भिंतीकडची निम्मी कॉट मोकळी.

"आत सरक की," हणमंत तिला म्हणाला. ती सरकली नाही. तो औषध आणायला खाली गेला तसं तिनं मला बोटानं जवळ बोलावलं.

"ती बाई गेली का?" तिनं कानडीत, हळूच विचारलं.

"कुठली बाई?"

"होती की इथं. भिंतीकडं." लक्कव्वानं डोक्यानं मोकळ्या जागेकडे खूण केली. "आधी गप पडून होती. मग रोज थोडं थोडं सरकायला लागली. शेवटी मला जागाच उरली नाही बघ. तुझीच कोण होती काय ती? तुमच्याच भाषेत बोलायची. कानाला तोंड लावून सारखं एकच सांगायची. मला कळत नाही तुमची भाषा, पण ऐकून ऐकून पाठ झालंय."

मी म्हणाले, राहू दे अव्वा, दमशील.

तिला सांगायचंच होतं. तिनं डोळे मिटले, श्वास घेतला, आणि एक अक्षर न कळता, आईच्या आवाजात, आईच्या हेलात म्हणाली:

"राहुल, लवकर ये रे बाबा. सुकीला आत सोडू नका. मला तिचं भ्या वाटतंय. ती मला पुसणार हाय."

बाहेर कुणीतरी बादली ओढत नेली. लक्कव्वानं डोळे उघडले. तिचे काळेभोर, भाबडे डोळे.

"म्हणजे काय गं यव्वा? काय म्हणत होती ती?"

मी कॉटवरचे भाकरीचे चुरे गोळा केले.

"पाणी मागत होती," मी म्हणाले.

"मग दिलंस का?"

"दिलं."

म्हातारीला बरं वाटलं. तिनं माझ्या हातावर थोपटलं, मग तशीच कडेला आडवी झाली, मोकळ्या जागेकडे पाठ करून. मी तिचं पांघरूण सारखं केलं. भिंतीकडची चादर दबलेली होती, आणि मी हात लावून बघितलं नाही.